महासंगणक हवेच, पण त्याआधी भूमिती शिकवा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

सप्टेंबर २०२४ मध्ये 'परम रुद्र' मालिकेतले तीन महासंगणक देशाला अर्पण झाले आणि त्यांतला एक पुण्याच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठी आला, याचा आनंद या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला झाला. मात्र अशा प्रसंगी वर्तमानपत्रांत आणि सभांत जी चर्चा होते ती जवळजवळ सगळी यंत्राच्या वेगाभोवती फिरते. सेकंदाला किती क्रिया, जागतिक क्रमवारीत कितवा क्रमांक, खर्च किती कोटी, एवढ्यावर ती थांबते. एखादे गणित यंत्रावर चढवण्याआधी त्याची मांडणी कशी केली, यावर त्याचा वेग कित्येक पटींनी अवलंबून असतो, ही गोष्ट मात्र वाचकांपर्यंत पोहोचत नाही. मी पुण्यात विद्युतचुंबकीय क्षेत्रांचे गणित शिकवतो. धातूच्या पृष्ठभागावर रेडिओलहर पडली की काय घडते, याचे विश्लेषण आज पूर्वीपेक्षा कितीतरी वेगाने होते, आणि त्या वेगाचा फार मोठा वाटा संगणकीय भूमितीचा, म्हणजे आकारांचे गणित संगणकाकडून करून घेण्याच्या शास्त्राचा आहे. आपल्या अभियांत्रिकी शिक्षणात नेमक्या याच विषयाला जागा नाही, म्हणून हे पत्र.

प्रश्नाचे स्वरूप आधी सांगतो. रेडिओलहर धातूवर पडते तेव्हा धातूत वीजप्रवाह निर्माण होतो, पण तो खोलवर जात नाही. एक गिगाहर्ट्झ वारंवारतेला तांब्यात तो जेमतेम दोन मायक्रोमीटर जाडीच्या थरातच वाहतो. त्यामुळे विमान असो, मोटारीचे छत असो की अँटेनाची थाळी, आतल्या धातूचा विचार न करता केवळ पृष्ठभागावरचा प्रवाह शोधला तरी पुरते. अडचण अशी की पृष्ठभागाच्या प्रत्येक तुकड्यावरचा प्रवाह स्वतः लहरी फेकतो आणि त्या लहरी बाकीच्या प्रत्येक तुकड्यावरचा प्रवाह बदलतात. म्हणजे प्रत्येकाचे प्रत्येकाशी नाते. हे नाते संगणकाला झेपेल अशा समीकरणांत बसवण्याची 'मेथड ऑफ मोमेंट्स' ही पद्धत रॉजर हॅरिंग्टन यांनी १९६८ मध्ये सुसंगतपणे मांडली. पुढे १९८२ मध्ये राव, विल्टन आणि ग्लिसन या तिघांनी कोणत्याही आकाराचा पृष्ठभाग छोट्या त्रिकोणांत विभागून, दोन त्रिकोणांच्या सामाईक कडेवरून ओलांडणारा प्रवाह हीच अज्ञात राशी मानण्याची रीत दिली. यातले सदाशिव राव हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकून पुढे अमेरिकेत गेलेले. आज जगभरातल्या बहुतेक अशा सॉफ्टवेअरच्या पोटात हेच त्रिकोण आहेत.

आता आपल्या नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटीचीच एक थाळी घेऊ. तिचा व्यास ४५ मीटर आणि वक्र पृष्ठभाग सुमारे १,७०० चौरस मीटर. हायड्रोजनची प्रसिद्ध रेषा १,४२० मेगाहर्ट्झला येते, म्हणजे तरंगलांबी २१ सेंटिमीटर. त्रिकोणाची बाजू तरंगलांबीच्या दहाव्या भागाएवढी, म्हणजे साधारण २.१ सेंटिमीटर ठेवावी हा रूढ नियम. या हिशेबाने त्रिकोण होतात सुमारे ९० लाख आणि त्यांच्या कडा, म्हणजेच अज्ञात राशी, सुमारे १ कोटी ३५ लाख. प्रत्येकाचे प्रत्येकाशी नाते लिहायचे तर मॅट्रिक्समध्ये, म्हणजे संख्यांच्या चौकोनी तक्त्यात, १८२ लाख कोटी संख्या भराव्या लागतील, आणि प्रत्येक संख्येला १६ बाइट धरले तर केवळ ती साठवायला सुमारे २,९०० टेराबाइट स्मृती लागेल. आणि इथे मी थाळी सलग पत्र्याची मानली आहे. प्रत्यक्षात जीएमआरटीचे शिल्पकार गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेने ती स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांच्या जाळीची केली आहे, म्हणून तर ती हलकी आणि स्वस्त झाली. एकेक तार वेगळी धरायची म्हटले तर हे आकडे कुठल्या कुठे जातील.

ही मॅट्रिक्स सरळ मार्गाने सोडवायची ठरवली तर काय होते, तेही पाहावे. पुण्याच्या सी-डॅकमधला 'परम सिद्धी-एआय' हा संगणक नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत ६३ वा होता आणि त्याचा मोजलेला वेग सेकंदाला सुमारे ४६ लाख अब्ज क्रिया इतका होता. एवढी मॅट्रिक्स त्याच्या स्मृतीत मावली असे क्षणभर गृहीत धरले, तरी एका थाळीच्या एका वारंवारतेच्या एका उत्तरासाठी त्याला दोन आठवड्यांहून अधिक काळ सलग राबावे लागेल. वारंवारता दुप्पट केली की अज्ञात राशी चौपट होतात, स्मृती सोळापट आणि वेळ चौसष्टपट. यंत्राचा वेग दुपटीने वाढवून या वाढीला गाठता येत नाही. थाळीचा मुख्य झोत काढण्यासाठी अर्थातच कोणी इतके करत नाही, त्याला अंदाजे उत्तर देणारे सोपे मार्ग आहेत. पण थाळीच्या मध्यावर रिसीव्हर धरून ठेवणारे खांब, कडा, आजूबाजूचा सांगाडा या सगळ्यांचा परिणाम बारकाईने हवा असेल तर हे पूर्ण समीकरण टाळता येत नाही.

इथे भूमिती मदतीला येते, आणि ती नेमकी काय करते हे थोडे सविस्तर सांगावेसे वाटते. पहिले काम अगदी साधे दिसते. कोणते त्रिकोण एकमेकांच्या जवळ आहेत आणि कोणते लांब, हे ओळखायचे. जवळच्या जोड्यांचे गणित फार काळजीने करावे लागते, कारण तिथे अंतर शून्याकडे जाते आणि साध्या बेरजा चुकतात. लांबच्या जोड्यांना इतकी काळजी लागत नाही. पण ९० लाख त्रिकोणांच्या सगळ्या जोड्या तपासायच्या तर त्या होतात ४० लाख कोटी. सेकंदाला दहा कोटी जोड्या तपासल्या तरी साडेचार दिवसांहून अधिक वेळ केवळ जवळ-लांब ठरवण्यात जाईल आणि मूळ गणिताला हातही लागलेला नसेल. त्याऐवजी संपूर्ण थाळी एका मोठ्या काल्पनिक घनात ठेवतात, त्याचे आठ छोटे घन करतात, ज्या घनात धातू आहे त्याचेच पुन्हा आठ करतात आणि सर्वांत लहान घन तरंगलांबीच्या काही अंशाएवढा होईपर्यंत हे करत राहतात. रिकामे घन तिथल्या तिथे टाकून दिले जातात. पृष्ठभाग पातळ असल्याने बहुतेक घन रिकामेच निघतात, आणि सगळी बचत तिथूनच होते. आता कोणत्याही त्रिकोणाचे शेजारी शोधायचे तर फक्त त्याचा घन आणि भोवतालचे सव्वीस घन पाहायचे. साडेचार दिवसांचे काम साध्या संगणकावर मिनिटांत उरकते.

मोठ्या घनातून छोटे घन फुटत जाणारे हेच घनांचे झाड पुढच्या आणि खऱ्या मोठ्या बचतीचा पाया आहे. एका खेड्यातल्या प्रत्येक घराने दूरच्या खेड्यातल्या प्रत्येक घरी स्वतंत्र माणूस पाठवण्याऐवजी पत्रे आधी तालुक्याच्या टपाल कार्यालयात गोळा व्हावीत, तिथून एकाच थैलीने दुसऱ्या तालुक्याला जावीत आणि मग घरोघर वाटली जावीत, तसे इथे एका घनातल्या सगळ्या प्रवाहांचा एकत्रित परिणाम काढून तो दूरच्या घनाला एकदाच पोहोचवला जातो. लेस्ली ग्रीनगार्ड आणि व्लादिमीर रोखलिन यांनी १९८७ मध्ये ही 'फास्ट मल्टिपोल' पद्धत मांडली. लहरींसाठी तिचे बहुस्तरीय रूप नव्वदच्या दशकात इलिनॉय विद्यापीठात वेंग चो च्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवले. या रीतीत संपूर्ण मॅट्रिक्स कधी लिहिलीच जात नाही. उत्तर फेऱ्याफेऱ्यांनी सुधारत नेले जाते. आपल्या थाळीच्या बाबतीत अशा प्रत्येक फेरीत १८२ लाख कोटी गुणाकारांच्या जागी जे प्रमाण येते ते साधारण ३२ कोटींच्या पटीत असते. या ३२ कोटींना गुणणारा स्थिरांक बराच मोठा, शेकड्यांत जाणारा असू शकतो, हे मान्य केले तरी फरक हजारो पटींचा उरतो. लक्षात घ्यावे की इथे भौतिकशास्त्राचा एकही नियम बदललेला नाही आणि यंत्रही तेच आहे. कोण कोणापासून किती लांब आहे, या भूमितीय माहितीचा उपयोग तेवढा नीट केला.

मात्र झाड कितीही चांगले रचले तरी त्रिकोण वाईट असतील तर उपयोग होत नाही. काटकुळे, सुईसारखे त्रिकोण समीकरणांना अस्थिर करतात, मग टप्प्याटप्प्याने उत्तराकडे जाणारी पद्धत शेकडो फेऱ्या खात बसते आणि वर मिळवलेला सगळा वेग तिथे हरवतो. रशियन गणिती बोरिस डेलोने यांनी १९३४ मध्ये सांगितलेला निकष, की प्रत्येक त्रिकोणाच्या परिवर्तुळात इतर त्रिकोणांचा कोणताही शिरोबिंदू येऊ नये, सपाट पृष्ठभागावर सर्वांत लहान कोन शक्य तितका मोठा ठेवतो. त्याच कल्पनेच्या वाढवलेल्या रूपांवर आजची त्रिकोणी जाळी करणारी बहुतेक सॉफ्टवेअर चालतात. वक्र पृष्ठभागावर तो निकष जपून वापरावा लागतो, आणि बिंदू वर्तुळाच्या आत की बाहेर हे ठरवताना संगणकाच्या दशांशातली चूकसुद्धा पूर्ण जाळे बिघडवू शकते. म्हणून या तपासण्या लागेल तितक्याच अचूकतेने करण्याच्या रीती जोनाथन शूचक यांच्यासारख्या संशोधकांनी नव्वदच्या दशकात तयार केल्या.

ही गोष्ट केवळ पुस्तकी नाही. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा प्रकल्प तपासत होतो. इलेक्ट्रॉनिक उपकरणाची धातूची बंद पेटी, आतून किती लहरी बाहेर गळतात, असा विषय होता. त्यांच्या उत्तरात एका ठरावीक वारंवारतेला पेटीच्या एका कडेवरून भरपूर गळती दिसत होती. मुलांनी त्यावर दोन पाने स्पष्टीकरण लिहिले होते, स्क्रू कुठे घट्ट करावा इथपर्यंत. जाळे उघडून त्या कडेपाशी मोठे करून पाहिले तेव्हा कळले की बाजूचा पत्रा आणि झाकण हे आराखड्यात दोन वेगळे पृष्ठभाग होते, दोघांचे त्रिकोण स्वतंत्रपणे पाडले गेले होते आणि कडेवरचे बिंदू एकमेकांवर बसतच नव्हते. डोळ्याला ती कड एकसंध दिसत होती, पण गणिताच्या दृष्टीने तिथे पूर्ण लांबीची फट होती. अशा अरुंद फटीची लांबी अर्ध्या तरंगलांबीच्या जवळ आली की ती उत्तम अँटेना बनते, हे दुसऱ्या सत्रात शिकवले जाते. म्हणजे सॉफ्टवेअरने त्याला दिलेल्या आकाराचे अगदी बरोबर उत्तर दिले होते, फक्त तो आकार पेटीचा नव्हता. प्रत्येक आतली कड बरोबर दोन त्रिकोणांत सामाईक आहे की नाही, आणि दोन्ही त्रिकोणांची बाहेरची बाजू एकच आहे की नाही, ही तपासणी लिहायला काही ओळी पुरतात. त्या मुलांना ती कोणी शिकवलीच नव्हती, आणि त्यांच्या मार्गदर्शकांच्या शिक्षणातही ती नव्हती.

भूमितीचा याहूनही सुंदर उपयोग कमी वारंवारतेला होतो. तरंगलांबी त्रिकोणांच्या मानाने प्रचंड मोठी झाली की वरची पद्धत कोलमडते, कारण गोल फिरणारा प्रवाह आणि एका टोकाला प्रभार साठवणारा प्रवाह या दोघांचे परिणाम इतक्या वेगळ्या मापांचे होतात की संगणक लहान संख्या गमावून बसतो. उपाय असा की दोन्ही प्रकार आधीच वेगळे करायचे. प्रत्येक शिरोबिंदूभोवती एक फिरता प्रवाह आणि प्रत्येक त्रिकोणातून बाहेर पडणारा एक प्रवाह घ्यायचा. दोन्ही संचांतून एकेक सदस्य अतिरिक्त म्हणून वगळला की बंद पृष्ठभागावर एकूण संख्या होते शिरोबिंदू अधिक त्रिकोण वजा दोन. ऑयलरचे सूत्र सांगते की ही संख्या नेमकी कडांइतकी, म्हणजे मूळ अज्ञात राशींइतकीच असते. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. पण पेटीला कपाच्या कानासारखी मूठ असेल तर ऑयलरच्या सूत्रातली बेरीज बदलते आणि दोन प्रवाह कमी पडतात, एक मुठीच्या लांबीच्या दिशेने जाणारा आणि एक तिच्या घेराभोवती फिरणारा. ते दोन शोधून भरले नाहीत तर उत्तर चुकते. अशी मूठ आहे हे प्रोग्रामने स्वतःहून ओळखायचे, हा शुद्ध भूमितीचा प्रश्न आहे. ऑयलरचे सूत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला कुठे भेटलेच तर कोड्यासारखे भेटते. त्यावर अँटेनाचे गणित उभे आहे हे कळले की वर्गातले चेहरे बदलतात, हे मी पाहिले आहे.

फार मोठ्या वस्तूंसाठी लहरींऐवजी किरण धरूनही काम चालते. तिथे पृष्ठभागाचा कोणता भाग उजेडात आणि कोणता सावलीत, किरण कोणत्या त्रिकोणावर आपटून पुढे कुठे जातो, हे झटपट ठरवण्यासाठी संगणकीय चित्रकलेतल्याच वृक्षरचना वापरल्या जातात. भूमितीची कुवत कमी पडली की वस्तूचा आकारसुद्धा बदलावा लागतो. सत्तरच्या दशकात अमेरिकेने रडारला चकवणारे पहिले विमान केले तेव्हा ते सपाट पैलूंचे झाले, त्याचे एक कारण असे की त्या काळच्या प्रोग्रामला वक्र पृष्ठभाग झेपत नव्हते.

हे सगळे महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी लिहिण्याचे कारण उघड आहे. पवईतली समीर ही संस्था सूक्ष्मलहरी तंत्रज्ञानावर आणि उपकरणांच्या विद्युतचुंबकीय चाचण्यांवर काम करते, पुण्याची एआरएआय वाहनांच्या अशाच चाचण्या घेते, जीएमआरटी इथे आहे आणि सी-डॅकही इथे आहे. विजेवरच्या गाड्या वाढतील तसतसे त्यांतल्या धातूच्या सांगाड्यावरून, बॅटरीच्या पेट्यांवरून आणि केबलांवरून होणारा व्यत्यय आधीच गणिताने काढण्याची गरज वाढणार आहे, कारण चाचणीत नापास झाल्यावर साचा बदलणे फार महाग पडते. हे काम करणारी व्यावसायिक सॉफ्टवेअर परदेशी आहेत आणि त्यांचे परवाने लहान कारखान्यांच्या आवाक्याबाहेरचे आहेत. स्वतःची साधने घडवायची तर क्षेत्रसिद्धांत आणि भूमिती दोन्ही जाणणारी माणसे लागतील. आपल्याकडे क्षेत्रसिद्धांत इलेक्ट्रॉनिक्स शाखेत शिकवला जातो. संगणकीय भूमिती असलीच तर संगणक शाखेच्या एखाद्या ऐच्छिक विषयात असते आणि बहुतेक ठिकाणी तीही नसते. दोन्ही शाखांचे वर्ग एकाच इमारतीत, कधी एकाच मजल्यावर भरतात, पण त्यांचे विद्यार्थी एकमेकांच्या प्रश्नांना ओळखत नाहीत.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्या विद्यापीठांनी बहुविद्याशाखीय मायनरची, म्हणजे दुसऱ्या शाखेतल्या दुय्यम विषयाची, सोय केली आहे. ती चौकट इथे जशीच्या तशी वापरता येईल. माझी अभ्यासमंडळांना विनंती आहे की 'पृष्ठभागांची भूमिती आणि विद्युतचुंबकीय गणन' असा एक विषय दोन्ही शाखांना मिळून द्यावा. त्यात त्रिकोणी जाळे आणि त्याची तपासणी, घनांचे झाड, जवळच्या जोड्यांचे अचूक गणित आणि बहुस्तरीय पद्धतीची ओळख एवढे असले तरी पुरे. जीमेशसारखे जाळे पाडणारे मुक्त सॉफ्टवेअर आणि सीगॅलसारखा भूमितीच्या तयार प्रोग्रामांचा खुला संग्रह उपलब्ध असल्याने खर्चाचा प्रश्न येत नाही.

प्रात्यक्षिकांची सुरुवात दहा सेंटिमीटर बाजूच्या सपाट पत्र्यापासून करावी. दहा गिगाहर्ट्झला त्याच्या अज्ञात राशी ३,८५० च्या आसपास येतात, पूर्ण मॅट्रिक्स २४० मेगाबाइटांत मावते आणि कोणत्याही लॅपटॉपवर उत्तर मिळते. मग तोच पत्रा एक मीटर बाजूचा करायला सांगावे. आता राशी पावणेचार लाखांच्या पुढे जातात, मॅट्रिक्सला सुमारे २.४ टेराबाइट लागतात आणि लॅपटॉप नकार देतो. त्याच लॅपटॉपवर, स्मृती न वाढवता, हा दुसरा प्रश्न सोडवून दाखवणे ही सत्राअखेरची परीक्षा असावी. दोन शाखांतले दोन-दोन विद्यार्थी एका गटात असतील तर ती सुटण्यासारखी आहे. पुढील वर्षाचे अभ्यासक्रम ठरवणाऱ्या बैठकांत हा प्रस्ताव यावा यासाठी आपल्या दैनिकाने हे पत्र छापावे, ही विनंती.

आपला,
अभियांत्रिकीचा एक अध्यापक,
पुणे